ती कामावर गेली

आमच्या पत्रकार युनियनच्या मासिकात माझ्या बायकोवर चार ओळी आल्या. त्यातली एक अशी होती: “त्यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.”

तिला आजार नव्हता. अल्पसा नव्हता, मोठा नव्हता, कसलाच नव्हता. ती तिच्या पेपरच्या ऑफिसात, संध्याकाळच्या गडबडीत, डेस्कवर बसल्या जागी गेली.

ती मुख्य उपसंपादक होती. बातम्या तपासायच्या, मथळे द्यायचे, पान लावून घ्यायचं, हे तिचं काम. पूर्वी त्या डेस्कवर टेबलभर माणसं असायची. मालकांनी एकेकाला कमी केलं आणि शेवटी बाहेरगावच्या आवृत्तीला दोघीच उरल्या, ती आणि एक नवी मुलगी. या मुलीचा आवाज इतका बारीक की सगळे तिला चिमणी म्हणतात. चिमणीनेच मला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रडत रडत सगळं सांगितलं. दुपारपासून बायकोचा हात दुखत होता. मग छातीत भरून यायला लागलं. ती उठून वृत्तसंपादकाकडे गेली आणि म्हणाली, मला बरं वाटत नाहीये, मी डॉक्टरकडे जाऊन येते. तो म्हणाला, “हो, हो, जा ना. तेवढं पहिलं पान सोडून जा.”

पान पूर्ण करून छापखान्याकडे पाठवायचं, याला आमच्यात पान सोडणं म्हणतात. तिने पान सोडलं. मग टेबलावर डोकं ठेवलं. थकली असेल, पडू दे जरा, असं म्हणून कुणी हलवलं नाही.

ते पान मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्यात एकही चूक नव्हती.

मी दुसऱ्या एका पेपरात फोटोग्राफर आहे. त्या संध्याकाळी मी मैदानावर मॅचचे फोटो काढत होतो. फोन आला तेव्हा एका हातात लेन्स होती, दुसऱ्या हातात तिचं झाकण. ते झाकण मला पुन्हा कधी सापडलं नाही.

मासिक घरी आलं ते सासूबाईंच्या हातात पडलं. त्या आमच्याकडेच राहतात. एकुलती एक मुलगी, तिच्याजवळ राहायला आल्या होत्या. आता मुलगी नाही आणि त्या माझ्याजवळ आहेत. भिंग घेऊन त्यांनी त्या चार ओळी वाचल्या आणि मला हाक मारली.

“जावईबुवा, काय आजार होता हो तिला?”

जावईबुवा म्हटलं की समजायचं, पारा चढलाय. एरवी त्या मला नुसतं ‘अहो’ म्हणतात.

“आई, तशी लिहायची पद्धत असते.”

“पद्धत असते म्हणजे? मी तिच्या एका शिंकेला उठून बसणारी बाई. माझ्या घरात पोर आजारी होती आणि मला ठाऊक नाही?”

“तसं नाही म्हणायचं त्यांना.”

“छापलंय तसंच. वाचू परत?”

मासिक फक्त युनियनवाले वाचतात असा माझा समज होता. पण पत्रकारांच्या घरात छापील कागद फार हिंडतो. माझ्या चुलत बहिणीचा फोन आला, “आधी कुणाला दाखवलं नव्हतंत का रे?” खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, “घरात दोन दोन माणसं असून कळलं नाही, म्हणजे नशीबच.” त्या वाईट मनाने नाही बोलल्या. त्यांनी वाचलेल्यावर विश्वास ठेवला, एवढंच. ‘अल्पशा आजाराने’, दोनच शब्द होते ते, पण त्या दोन शब्दांनी पेपरचा मालक सुटला, वृत्तसंपादक सुटला आणि आम्ही दोघं अडकलो. म्हणजे ती घरी आजारी होती आणि घरच्यांनी पाहिलं नाही.

मी युनियनच्या ऑफिसात गेलो.

टायरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. जिन्यात रबराचा वास, वर जुन्या अंकांचे गठ्ठे, एक कॉम्प्युटर, एक पंखा. मासिकाचा संपादक तिथे रोज दुपारी बसतो. त्याने आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या सुधारल्या म्हणून त्याला सगळे मागून वेलांटी म्हणतात आणि पुढून दादा. माझ्या बायकोला डेस्कचं काम त्यानेच शिकवलं होतं. त्याचा तिच्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. म्हणून तर मला जास्त राग आला.

“ये, बस,” तो म्हणाला. “आई कशा आहेत?”

“विचारतायत. तिला कोणता आजार होता म्हणून.”

त्याने चष्मा काढला. “अरे, डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलंय ना? हृदयविकार हा आजारच आहे.”

“अल्पसा?”

“म्हणजे काळाने अल्प. किती वेळ होता सांग. दुपारपासून संध्याकाळपर्यंत. अल्पच म्हणायचा.”

तो खरंच शब्दाचा अर्थ समजावून सांगत होता.

“दादा, ती डेस्कवर गेली. तिने सुट्टी मागितली होती, ती दिली नाही. हे लिहा.”

“कशाच्या आधारावर? साक्षीला कोण उभं राहणार आहे?”

“सगळं डेस्क होतं तिथे.”

“सगळं डेस्क म्हणजे एक चिमणी. तिची नोकरी घालवू?” तो हळू आवाजात बोलायला लागला. “आणि ऐक. कमी केलेल्या लोकांना परत घ्या म्हणून मालकाशी बोलणी चालू आहेत. आता आपण हे छापलं की तो उठून जाईल. तिच्याच डेस्कवरची माणसं आहेत ती.”

“ती माणसं डेस्कवर असती तर माझी बायको घरी आली असती.”

“तेच तर म्हणतोय मी.”

“मग तेच छापा. नाहीतर निदान दुरुस्ती टाका. ‘अल्पशा आजाराने’ हे चुकून पडलं, असं.”

“दुरुस्ती चूक असेल तर छापतात,” तो म्हणाला. “ही चूक नाही, ही शैली आहे.”

मी काहीतरी बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोही तापला. “एवढं आहे तर उभा राहा की निवडणुकीला. तू हो संपादक आणि छाप काय छापायचं ते.”

आमच्या युनियनमध्ये मासिकाचा संपादक सभासदांनी निवडायचा असतो. दर दोन वर्षांनी निवडणूक होते, म्हणजे व्हायला पाहिजे. वेलांटीसमोर कुणी उभंच राहत नसे, त्यामुळे तो बिनविरोध यायचा आणि चहा पाजायचा.

“द्या फॉर्म,” मी म्हणालो.

त्याला वाटलं मी चिडून बोलतोय. मी चिडूनच बोलत होतो. पण फॉर्म भरला.

फॉर्म घेताना त्याने मला नियम वाचून दाखवले, कारण तो तसा माणूस आहे. घर जळत असलं तरी आधी नियम वाचेल. प्रत्येक उमेदवाराचं निवेदन मासिकात छापायचं, एका अक्षराचाही बदल न करता. चुकून बदल झाला तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायची, उमेदवाराला दाखवून. “हा नियम मीच घालून घेतलाय,” तो म्हणाला. “उद्या कुणी म्हणायला नको, वेलांटीने हात मारला.” म्हणजे त्याला त्याचं नाव माहीत होतं.

मग मी प्रचाराला लागलो. प्रचार म्हणजे काय, ओळखीच्या ऑफिसांत जायचं, कॅन्टीनमध्ये बसायचं, सांगायचं. माझ्याच पेपरातल्या लोकांनी आधी मजा केली.

“फोटोवाला संपादक झाला तर अग्रलेखाच्या जागी फोटो येईल.”

“बरं होईल. निदान कुणी बघेल तरी.”

क्रीडा पान बघणारा एक जुना सहकारी जवळ येऊन बसला. “वहिनींचं फार वाईट झालं रे. पण तू मासिक चालवणार? जोडाक्षरं तरी येतात का लिहायला?”

“येतात,” मी म्हणालो. “खोटारड्यामध्ये एक आहे.”

त्यानंतर कुणी हसलं नाही. मला तेही आवडलं नाही. मी आधी असा नव्हतो. आमच्या घरात चिडायचं काम तिच्याकडे होतं. ती चिडायची, मी समजूत घालायचो. आता समजूत घालण्याचं काम रिकामं पडलंय आणि चिडण्याचं माझ्याकडे आलंय.

तिच्या पेपरात मला वर जाऊ देईनात. मी फाटकाशी उभा राहिलो. पाळी सुटली तशी मुलं बाहेर आली. माझा प्रचाराचा कागद घ्यायची, चार घड्या घालून खिशात ठेवायची आणि भरभर चालायला लागायची, जसं काही मी चोरीचा माल देत होतो. कुणी “काका” म्हणालं, कुणी नुसता खांदा दाबला. चिमणीने कागद घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझं नाव कुठे घेऊ नका हं, काका. बाबा घरी बसलेत.”

“नाही घेणार.”

वृत्तसंपादक गाडी काढत होता. मला बघून थांबला. काच खाली केली.

“तुमच्याबद्दल सहानुभूती आहे मला,” तो म्हणाला. “मनापासून. मला कल्पना असती तर मी थांबवलं असतं का त्यांना?”

“तिने तुम्हाला सांगितलं होतं.”

“अहो, सगळेच सांगतात रोज काहीतरी.”

काच वर गेली. मी फोटोग्राफर आहे, माणसाचा चेहरा मला लक्षात राहतो. त्याचा चेहरा अगदी साधा होता. रात्री झोप लागत असणार असा.

निवेदन लिहायला मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. बायको असती तर मी तोंडाने बोललो असतो आणि तिने लिहिलं असतं. मी काढलेल्या फोटोखालच्या ओळीसुद्धा ती फोनवर नीट करून द्यायची. “दोन क्रियापदं कशाला? एकाच माणसाला दोन बायका का देतोस?” असं काहीतरी म्हणायची. आता समोर सासूबाई होत्या.

“काय लिहिलंत?”

“सदर प्रकरणी माझ्या पत्नीस कोणतीही पूर्वव्याधी नसताना...”

“हे कोण बोलतंय? पोलीस?”

मी कागद फाडला.

“मी काय सांगते सगळ्यांना?” त्या म्हणाल्या. “माझी पोर आजारी नव्हती. ती कामावर गेली. एवढंच सांगते. एवढं सांगितलं की विचारणारे गप्प बसतात.”

मी तेच लिहिलं. “माझी बायको आजारी नव्हती. ती कामावर गेली. मासिकात वेगळं छापलं. मी निवडून आलो तर माणसं कशाने गेली ते आपल्या मासिकात खरं छापीन. दुसरं काही वचन देत नाही.” सासूबाईंनी भिंग लावून वाचलं आणि म्हणाल्या, “आता कसं बोलल्यासारखं झालं.”

अंक आला. पहिल्या पानापासून वेलांटीचं निवेदन, दीड पान, त्यात भाषेची सेवा, व्रत, मशाल. माझं आतल्या पानावर, जाहिरातीच्या वर. मी वाचलं.

“माझी बायको आजारी नव्हती. ती कामावर गेली होती.”

मी परत वाचलं. होती. एक शब्द वाढला होता आणि ती जिवंत होऊन ऑफिसला गेली होती.

कॅन्टीनमध्ये कुणीतरी, मी मागे उभा आहे हे न बघता म्हणालं, “हे काय, रजेचा अर्ज आहे का? आजारी नव्हती, कामावर गेली होती?” दोघं हसले. मी तिथून तसाच निघालो आणि युनियनच्या जिन्यात मला रबराचा वास आला तेव्हा कळलं, मी कुठे आलोय.

वेलांटी होता. कॉम्प्युटरवर चिमणी होती. मासिकाचं काम सभासदच सुट्टीच्या दिवशी करतात, त्या महिन्याला तिची पाळी होती. मी अंक टेबलावर आपटला.

“हात मारलात ना शेवटी?”

“कशाला?”

“ ‘होती’ कुठून आलं?”

त्याने वाचलं. परत वाचलं. ड्रॉवरमधून माझा कागद काढून त्याच्याशी ताडून पाहिलं. त्याचा चेहरा पडला. “मी नाही घातलं. शप्पथ सांगतो. मी उमेदवाराच्या मजकुराकडे बघतसुद्धा नाही.”

“मग काय आपोआप उगवलं?”

“मी घातलं,” चिमणी म्हणाली.

तिचा आवाज इतका लहान होता की आम्ही दोघांनी एकदम वळून बघितलं.

“मला वाटलं वाक्य अर्धं राहिलंय, काका. कामावर गेली आणि मग काय? मला वाटलं तुम्हाला ‘गेली होती’ म्हणायचंय. तुम्ही लिहिताना शब्द खाता ना, मॅडम सांगायच्या. मॅडमनीच शिकवलं होतं, मेलेल्या माणसाला ‘गेला’ लिहायचं नाही म्हणून. कुणी लिहिलं की त्या डेस्कवरून ओरडायच्या, ‘गेला म्हणजे कुठे गेला? बाजारात गेला? निधन झालं लिही.’ मी ते... हात आपोआप गेला माझा. मी तिथे होते, काका. मला माहीत होतं सगळं. तरी मी ते वाक्य तसं वाचलंच नाही.”

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं होतं. पण समोर चिमणी होती आणि तिच्या तोंडून बायको बोलत होती. ‘बाजारात गेला?’ हे मी शंभरदा ऐकलं होतं. जेवताना सांगायची, आज अमक्याने असं लिहिलं म्हणून, आणि हसायची. माझं एकच खरं वाक्य होतं आणि ते तिच्याच नियमाने बदललं गेलं. आता ओरडू कुणावर?

मी खुर्चीत बसलो. वेलांटीने पंखा वाढवला.

“नियमाप्रमाणे दुरुस्ती देऊ,” तो म्हणाला. “पुढच्या अंकात.”

“मतदान त्याच्या आधी आहे.”

“हो. पण नियम आहे.”

मतदानाच्या आधी सभा असते. भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, माईक शिट्ट्या मारणारा. वेलांटी आधी बोलला. चांगला बोलला, तो नेहमीच चांगला बोलतो. मग मी.

“माझ्या निवेदनात एक शब्द जास्त छापलाय,” मी म्हणालो. “ ‘होती’. तो खोडा. ती कामावर गेली होती असं नाही. ती कामावर गेली. म्हणजे तिथे गेली. खुर्चीत. पान सोडून.”

मी माईक जवळ ओढला.

“ज्या दिवशी गेली त्या दिवशी तिथे असलेली माणसं या हॉलमध्ये आहेत. मी कुणाचं नाव घेणार नाही, शब्द दिलाय. पण तुम्ही रोज दुसऱ्यांना प्रश्न विचारता. पूल पडला की कंत्राटदाराला विचारता, आग लागली की मालकाला विचारता. तुमच्या शेजारच्या खुर्चीत बाई गेली, तर ‘अल्पशा आजाराने’. कुणी एकाने तरी उठून सांगावं, मी बघितलं.”

कुणी उठलं नाही. तिसऱ्या रांगेत चिमणी बुटांकडे बघत होती. मागून एक जण म्हणाला, “मासिकाबद्दल बोला ना, धोरण काय तुमचं?”

“सांगितलं ते,” मी म्हणालो आणि खाली आलो.

मी पडलो. थोडक्यात नाही, चांगला आपटलो. वेलांटीने येऊन हात मिळवला.

“चांगलं बोललास.”

“तुमच्याविरुद्ध बोललो.”

“माहीत आहे. ऐकत होतो.” त्याला आणखी काही म्हणायचं होतं, पण लोक हार घेऊन आले.

घरी सासूबाईंनी विचारलं नाही. माझे बूट काढायचा आवाज ऐकून त्यांना कळलं. “चहा ठेवू का?” एवढंच म्हणाल्या.

दुरुस्ती बघायला मला बोलावणं आलं. उमेदवाराला दाखवायची असं नियमात होतं ना. खोलीत तीच दोघं. वेलांटीने कागद पुढे केला. “मागील अंकात एका निवेदनात मुद्रणदोष राहून गेला. त्याबद्दल दिलगीर आहोत.”

“कोणता दोष?” मी विचारलं.

“ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.”

“दादा,” चिमणी स्क्रीनकडे बघत म्हणाली, “यात ‘असे वाचावे’ नाहीये.”

“जागा नाही.”

“जागा आहे.”

“तू गप्प बस.”

“तुम्हीच मॅडमना शिकवलं होतंत आणि मॅडमनी आम्हाला. चूक सांगायची आणि बरोबर काय ते सांगायचं. नुसती दिलगिरी म्हणजे दुसरी चूक.”

वेलांटीने माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच तिला शिकवून आणलं होतं. “अजून बोलणी चालू आहेत रे,” तो म्हणाला. “तुला समजत कसं नाही. या आठवड्यात बैठक आहे.”

“माझ्या बायकोला माहीत नव्हतं बोलणी चालू आहेत ते,” मी म्हणालो. “माहीत असतं तर थांबली असती बैठकीपर्यंत.”

मग तो म्हणाला, सरचिटणीसाला विचारून येतो, आणि फोन घेऊन जिन्यात गेला. तिथून त्याचा आवाज येत राहिला, “नाही, नाही, तसं नाही, ऐका तर...”

चिमणी लिहायला लागली होती. मी मागे उभा राहून वाचत होतो. ती एकेक ओळ टाकत होती, न थांबता, डेस्कवरच्या माणसासारखी.

“दुरुस्ती. मागील अंकात एका उमेदवाराच्या निवेदनात ‘ती कामावर गेली होती’ असे छापले आहे. ते ‘ती कामावर गेली’ असे वाचावे. अर्थ असा की, त्यांचा मृत्यू कामावर असताना डेस्कवर झाला. त्या आजारी नव्हत्या. बरे वाटत नाही म्हणून त्यांनी डॉक्टरकडे जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा पहिले पान सोडून जा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी पान सोडले. मी शेजारी बसले होते.”

आणि खाली तिने नाव टाकलं. चिमणी नाही. खरं, आडनावासकट.

“नाव काढ,” मी म्हणालो. “मी शब्द दिला होता तुला.”

“तुम्ही कुठे घेतलंत? मी घेतलं.”

“बाबा घरी बसलेत म्हणालीस.”

“बसलेतच.” तिने नाक पुसलं. “नाव नसलं तर ती छपाईचीच चूक वाटते, काका.” तिचा हात माऊसवर होता. “सोडू पान?”

जिन्यात वेलांटी अजून “ऐका तर” म्हणत होता. मला सांगायला हवं होतं, थांब, विचार कर. मी दुसऱ्याच्या लेकीची नोकरी पणाला लावत होतो, तेही पडलेला उमेदवार असून. पण गेले कित्येक दिवस मी जे मागत होतो ते समोर होतं.

“सोड,” मी म्हणालो.

तिने सोडलं.

वेलांटी आत आला. बघितलं, वाचलं, खाली बसला. मग माझ्यावर ओरडला, तिच्यावर ओरडला, राजीनामा देतो म्हणाला.

“दुरुस्ती चूक असेल तर छापतात,” मी म्हणालो. “चूक होती.”

त्याने दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. छापखान्याला फोन करून तो ते पान थांबवू शकला असता. त्याने फोन उचलला नाही. शेवटी म्हणाला, “ ‘सांगण्यात आले’ काय? कुणी सांगितलं ते लिहायचं. कर्ता कुठे आहे वाक्यात?” पण पान गेलं होतं.

अंक निघाला. मालकाच्या बाजूने बैठक पुढे ढकलली, मग झाली, बोलणी मोडली नाहीत. अजून चालू आहेत. अजून कुणी परत आलेलं नाही. चिमणीला डेस्कवरून उचलून बाजारभावाच्या पानावर टाकलं, भिंतीकडे तोंड करून. वेलांटी तिच्यासाठी तिथे जाऊन भांडून आला, दोनदा. तेवढं मी त्याच्या बाजूने लिहितो. वृत्तसंपादक त्याच खुर्चीत आहे.

अंक घरी आला तेव्हा सासूबाईंनी भिंग माझ्याकडे दिलं. “तुम्ही वाचा. मोठ्याने.”

मी वाचलं. शेवटचं पानभर बारीक टाइप, त्यात खालच्या कोपऱ्यात ती दुरुस्ती. ‘त्या आजारी नव्हत्या’ या वाक्याला त्यांनी हात वर केला, म्हणून मी ते परत वाचलं.

“आणि तो?” त्यांनी विचारलं. “पान सोडून जा म्हणणारा? त्याचं नाव नाही यात?”

“नाही.”

“का नाही?”

“संपादक मी नाही, आई.”

त्यांनी अंक माझ्या हातातून घेतला, घडी घातली, बायकोचा चष्मा जिथे अजून तसाच आहे त्या फळीवर ठेवला. परत आल्या.

“मग पुढच्या वेळी परत उभे राहा.”

“दोन वर्षांनी असते निवडणूक.”

“असू दे,” सासूबाई म्हणाल्या. “मी कुठे जातेय?”